मोहाच्या झाडाचा निवाडा

मोहाच्या हिरव्यागार रानात एक चिमुकलं गाव होतं, आणि त्या गावात झुरी नावाची इवलीशी पोर राहायची. बाप देवाघरी गेलेला, आई तापानं अंथरुणाला खिळलेली. मायलेकींचं पोट चालायचं ते बापामागे राहिलेल्या एकुलत्या एका मोहाच्या झाडावर. आणि बघा काय झालं! शेजारच्या लालसूकाकानं त्याच झाडाखालचा पाला झाडून जागा लख्ख केली. त्या गावात झाडाखालची जागा जो झाडेल, तिथे गळणारी फुलं त्याची. आता खायचं काय?

पहाटे झुरी झाडाखाली मुसमुसत बसली होती. इतक्यात मोहाच्या मोतिया फुलांतून एक इटुकली परी उतरली. सोनेरी पंख, पायात दवाचे पैंजण!

"रडू नकोस गं राणी. एक मागणं माग. पण चोरून नाही हं! साऱ्या गावादेखत, लालसूकाकासमोर मागायचं."

"मागेन की! झाड माझं होऊ दे म्हणेन," झुरी डोळे पुसत म्हणाली.

उन्हं वर आली तसं निवाड्यासाठी त्याच झाडाखाली गाव जमलं. मधोमध बसले म्हातारे गायताआजोबा. गावातले तंटे तेच मिटवायचे, आणि त्यांची रीत जगावेगळी. आपलं गाऱ्हाणं आपण सांगायचंच नाही, समोरच्याचं सांगायचं!

"बोल पोरी, लालसूचं काय दुखतंय?"

झुरी गोंधळलीच. मग चाचरत म्हणाली, "काकाचं झाड वादळात पडलं. त्याची धाकटी भुकेनं किरकिरते, आमच्या घरात ऐकू येतं."

"आता तू, लालसू."

"हिची आई आजारी, म्हणून यंदा जागा झाडायची राहिली," लालसूकाका मान खाली घालून म्हणाला. "आजोबा, लाज वाटते मला. झाड हिचंच आहे."

"पटलं का सगळ्यांना?"

"पटलं!" सारं गाव म्हणालं.

अगं बाई, झुरीचं मागणं तर तसंच शिल्लक राहिलं! ती ताडकन उठली आणि वर फुलांत बसलेल्या परीला म्हणाली, "परीताई, काकाचं पडलेलं झाड उभं कर!"

"आणि तुला गं?"

"माझं मला मिळालं की!"

परी खुदकन हसली. तिच्या पंखांतून सोनेरी, गुलाबी उजेड सांडला. पडलेलं झाड फुलांसकट डौलात उभं राहिलं आणि त्या उजेडातच परी विरून गेली. लालसूकाकानं झुरीची टोपली आपल्या डोक्यावर घेतली. "तुझी फुलं आधी वेचू, मग माझी. तू आईपाशी जा."

झुरी धावत सुटली. दारातूनच ओरडली, "आई, झाड आपलंच आहे गं! गावानं सांगितलं!"