काळ्या नाण्यातली परी

चौलच्या खाडीकाठी एक गाव होतं आणि त्या गावात आवडी नावाची चिमुकली मुलगी राहायची. गोड्या पाण्याची विहीर गावात एकच होती, आणि तिच्या दाराला खोतानं भलंमोठं कुलूप ठोकलं होतं. बाकी सगळं पाणी मचूळ. आवडीची आई तापानं फणफणली होती. "गोडं पाणी भरपूर पाजलंस तरच ताप उतरेल," वैद्यबुवा म्हणाले होते. म्हणून आवडी रोज दोन टेकड्या ओलांडून झऱ्याचं पाणी आणायची. पण इवल्याशा हातांत मावणार किती? एक तांब्या. त्यातली ओंजळभर तिची, उरलेलं आईचं.

एका सकाळी सुपारीच्या वाडीत तिला अबोलीचं रोपटं मान टाकून पडलेलं दिसलं.

"तुला माझ्यापेक्षा जास्त तहान लागलीय," ती म्हणाली, आणि आपली ओंजळ तिनं त्याच्या मुळाशी ओतली.

माती ओघळली. खाली एक काळंकुट्ट नाणं होतं. एका बाजूला क्रूस, दुसऱ्या बाजूला मुकुट. तेवढ्यात चंदेरी, जांभळे, मोरपंखी कण भुरभुरले आणि नाण्यावर बोटाएवढी परी उभी राहिली.

"हे गोव्याच्या फिरंगी टांकसाळीतलं चांदीचं नाणं," परी म्हणाली. "असं आता जगात एकच उरलंय. एक इच्छा माग, बाळे. पण कुजबुजून नाही. ज्याला ती झोंबेल त्याच्या तोंडावर, मोठ्यानं माग. आणि नाण्यावरचा हा काळा थर म्हणजे माझी गोधडी. जो ती घासून काढेल त्याला काही मिळणार नाही."

"खोतकाका ओरडतील गं."

"ओरडू देत. खरं मागणाऱ्यानं का भ्यायचं?"

परी पुन्हा नाण्यात शिरली, आणि नाणं मुठीत धरून आवडी थेट खोताच्या पडवीत गेली. खोत झोपाळ्यावर बसला होता, धर्माजी कोळी पायरीशी मासे घेऊन उभा होता.

"खोतकाका, पाणी जमिनीनं दिलंय, तुम्ही नाही. विहिरीचं कुलूप कायमचं जाऊ दे, पाणी सगळ्यांना मिळू दे. हीच माझी इच्छा."

"अस्सं? आणि इच्छा पुरवणार कोण, हे काळं खापर?"

"चांदीचं आहे, काका. घासू मात्र नका."

"आमच्या घरची चांदी दर सणाला चिंचेनं घासतात, म्हणून लखलखते. तू मला शिकवतेस?" खोतानं नाणं हिसकावलं.

"पोर नको म्हणतेय ना, खोत," धर्माजी म्हणाला.

"तू तुझे मासे सांभाळ."

नाणं धुवायला पाणी हवं म्हणून खोतानं विहिरीचं दार उघडलं, कुलूप काठावर ठेवलं आणि चिंच-राख लावून नाणं खसाखसा घासलं. काळा थर गेला. त्याबरोबर क्रूसही गेला, मुकुटही गेला. हातात उरली कोरी चकती.

पाण्यातून झुळझुळीत उजेड वर आला.

"गोधडी गेली, आता मी निघाले," परी म्हणाली. "पण आवडीनं आधीच मागितलंय."

कुलूप मेणासारखं वितळून गेलं.

"मी दुसरं लावीन," खोत पुटपुटला.

"लाव की. तेही वितळेल. दहा लाव."

धर्माजीनं घागर भरली आणि आवडीच्या घरी पोचवली. जाण्याआधी परीही घागरीच्या काठावर बसून आली. आई तांब्यामागून तांब्या पाणी प्यायली. कपाळावर घाम फुटला, ताप उतरला. तिनं डोळे उघडले.

"आवडे, तू प्यायलीस का गं?"

आवडीनं मान हलवली. नाही.

"मग आधी पी."

कितीतरी दिवसांनी आवडी पोटभर पाणी प्यायली. तिचा शेवटचा घोट संपला तेव्हा घरभर चांदणं सांडल्यासारखा शुभ्र उजेड झाला, आणि त्या उजेडात परी हसत हसत विरून गेली.