सत्यभामाबाईंचे डोळे

"...पण देह अग्नीला अखंड द्यावा असं वचन असताना, महाराज, डोळे काढून दिलेले चालतील कसे?"

त्रिविक्रमशास्त्री एका दमात बोलला. बारा वर्षं काशीत घासून आलेला विद्वान. त्याचं बोलणं मध्येच तोडायची गावात कुणाची छाती नव्हती.

धुंडिराजबुवा मठाच्या ओसरीवर मटार सोलत बसले होते. त्याचे पहिले गुरू तेच.

"बाई गेल्या कधी?"

"सकाळी सहाला. सत्यभामाबाई, शाळेतल्या. नेत्रदानाचा अर्ज भरून ठेवला होता त्यांनी. धाकटा मुलगा म्हणतो, द्यायचे. थोरले प्रभाकरराव म्हणतात, शास्त्रीबुवांना विचारल्याशिवाय नाही. मी म्हटलं, निर्णय देतो. तर पहिलं मत असं..."

"आत्ता किती वाजले?"

"साडेदहा. पहिलं मत असं, की अपूर्ण देह..."

"डोळ्यांवर ओला कापूस ठेवलाय का?"

त्रिविक्रमाच्या कपाळाला आठी पडली. दोन कोस तंगडतोड करून आलो ती काय ह्यासाठी?

"ठेवलाय! पंखाही बंद केलाय. डॉक्टर दारात गाडीत बसून आहेत. महाराज, मी कापसाचं विचारायला नाही आलो. दुसरं मत अगदी उलट. दान देहाहून थोर. दोन्ही वचनं प्रमाण! आता टीकाकारांनी..."

"डॉक्टर कधीपर्यंत थांबतील?"

"बारा. पुढे उपयोग नाही म्हणाले. टीकाकारांनी इथे 'देह' शब्दाचे तीन अर्थ..."

"तीन?" बुवांनी हातातली शेंग परातीत आपटली. "अरे, एकाचा डोळा दुसऱ्याला बसवता येतो, हे त्या लिहिणाऱ्याला ठाऊक तरी होतं का?"

"नव्हतं. म्हणून तर अर्थ लावायचा!"

"लाव. मोठ्यानं वाच."

चला, निदान आता तरी म्हातारा ऐकतोय. त्रिविक्रमानं खाली बसून बासन सोडलं, पोथीचं पान काढलं, घसा खाकरला.

तेवढ्यात बुवा उठले. त्याच्या पाठीमागे आले आणि दोन्ही तळहात त्याच्या डोळ्यांवर घट्ट दाबले.

"वाच."

"महाराज, हात..."

"वाच की! बारा वर्षं शिकलायस."

"दिसत नाहीये मला!"

बुवांनी हात काढले नाहीत.

त्रिविक्रम चडफडला. मनगटं धरून ओढायला गेला, म्हातारा हलेना. पान मांडीवरून घसरून खाली गेलं. ते कुठे पडलं, तेही त्याला कळेना. तो चाचपडत राहिला...

मग त्याचे हात थांबले.

"फोन," तो म्हणाला. "खिशात आहे. लावू द्या."

बुवांनी हात काढले.

"प्रभाकरराव? डॉक्टरांना आत घ्या. हो, मीच सांगतोय. लगेच!"

पलीकडे कुणीतरी मोठ्यानं रडलं. मग गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला.

त्रिविक्रमानं फोन खाली ठेवला. जमिनीवरचं पान उचललं, उपरण्यानं पुसलं. पण राहवेना.

"महाराज... उद्या चार माणसं विचारतील. कुठलं वचन पुढे करू? आधार काय सांगू?"

बुवांनी परात पुढ्यात ओढली.

"डॉक्टरांना हात तर धुऊ देत रे आधी! आधार येईल मागून चालत."