पालथे कागद

“यांतली तू कुठली?” भंतेंनी विचारलं.

शलाकाला वाटलं, वयोमानानं त्यांना नीट ऐकू आलं नसावं. ती जरा मोठ्यानं म्हणाली, “कुठली म्हणजे? मी विचारत होते, यांतली कुठली युनिव्हर्सिटी मला…”

“ते ऐकलं. मी तुझं विचारतोय.”

विहाराच्या ओट्यावर चार नळकांडी मांडलेली होती. आर्किटेक्चरची मुलं पाठीला लावून हिंडतात ना, तसली, काळी आणि लांब. प्रत्येकात मोठमोठ्या कागदांची गुंडाळी. चार विद्यापीठं, चार पोर्टफोलिओ. पुढच्या शिक्षणाचे अर्ज जायचे होते कॉम्प्युटरवरूनच, पण भंतेंना पडद्यावर चित्र बघणं आवडत नाही हे ठाऊक असल्यामुळे तिनं सगळं मुद्दाम छापून आणलं होतं.

भंते काही जन्माचे भंते नव्हेत. आधी ते गायकवाड सर होते आणि आर्किटेक्चरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांना ड्रॉइंग शिकवायचे. निवृत्त झाले, भिक्खूचं चीवर घेतलं आणि या लेण्याच्या डोंगराखाली येऊन राहिले. त्यांच्या शिफारसपत्राला अजून वजन होतं. ते सहजासहजी कुणाला मिळत नसे, म्हणूनच असेल.

शलाकाला ते पत्र हवं होतं, आणि आजच. चारही अर्जांची मुदत आज रात्री संपत होती. बाकी तिघा शिक्षकांची पत्रं चारही विद्यापीठांकडे गेली होती. अडलं होतं ते भंतेंचं. सकाळच्या एस. टी.नं ती धावत आली ती त्यासाठी.

पोरगी हुशार होती यात शंका नाही. पण गेल्या वर्षी तिनं एकच पोर्टफोलिओ चारही ठिकाणी पाठवला, आणि चौघांनी गोड शब्दांत नकार कळवला. ते तिला फार लागलं. ऑफिसात दिवसभर जिन्यांचे आणि न्हाणीघरांचे नकाशे काढायचे आणि रात्री घरी येऊन ज्यांना प्रवेश मिळाला त्यांची कामं बघत बसायचं, असं तिनं वर्ष काढलं. कुठे काय खपतं ते हेरलं. एका ठिकाणी लाकूड आवडतं. दुसरीकडे कॉम्प्युटरनं घातलेले वळसे. तिसरीकडे वस्ती, गल्ली आणि नळावरच्या बायका. चौथीकडे कोऱ्या कागदावर मधोमध एक रेघ ओढली तरी माना डोलतात. शलाकानं चौघांना चार ताटं वाढली, ज्याला जे रुचेल ते. आणि मनाशी ठरवलं, या खेपेला नाही झालं तर पुन्हा म्हणून नाव काढायचं नाही.

“देश तसा वेश, भंते,” ती म्हणाली. “करावं लागतं.”

“वेश बघितले मी. चारही छान शिवलेत.”

ती खूश झाली.

“आत कोण आहे?”

“सर… म्हणजे भंते, आज शेवटचा दिवस आहे. कुठली चांगली ते तुम्ही सांगा, हवं तर सांगू नका. तेवढं पत्र द्या.”

“पत्राचं पहिलं वाक्य काय असतं?”

तिला पाठ होतं. “‘मी या विद्यार्थिनीला ओळखतो.’”

“मग? या चौघींतल्या एकीलाही मी ओळखत नाही. खोटं कसं लिहू?”

इतक्या लांब येऊन हे ऐकावं लागेल असं शलाकाच्या ध्यानीमनी नव्हतं. रागही आला. याच माणसानं पहिल्या वर्षी तिची आडवी रेघ बघून, “हात आहे तुला,” म्हटलं होतं, आणि त्या तीन शब्दांवर तिनं कॉलेजची पाचही वर्षं काढली होती.

भंते उठले. काठी घेतली.

“नळकांडी घे. वर जाऊन येऊ.”

“लेण्यात? कशाला?”

“इतकं छापून आणलंस. कुठेतरी उपयोगी पडू दे.”

चढण उभी होती. भंते पुढे चढत होते, मागून शलाका धापा टाकत. चार नळकांडी पाठीवर एकमेकांवर आपटत होती. वर पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं.

लेणं तसं लहान. पुढे दगडातच कोरलेलं अंगण, मग ओसरी, मग एक दार. ऊन अंगणभर पसरलेलं, पण ओसरीच्या अलीकडेच थांबलेलं. दारापलीकडे नुसता काळोख.

“आत जा. वर बघ. काय दिसतं ते सांग.”

ती आत गेली. गारवा अंगावर आला. तिनं मोबाइलचा टॉर्च लावून वर धरला. छतावर एक पांढरं वर्तुळ पडलं. ते तिनं इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं.

“दगड,” ती म्हणाली.

“टॉर्च विझव. बाहेर ये.”

भंतेंनी पहिलं नळकांडं उघडलं. लाकडाचं. वरचाच कागद तिचा सगळ्यांत लाडका होता, त्या एका चित्रासाठी तिनं चार रविवार घालवले होते. भंतेंनी तो अंगणात उन्हात ठेवला.

पालथा.

“भंते, खाली माती आहे.”

“आहे खरी.”

कागद गुंडाळून गुंडाळून आखडले होते, पुन्हा वळायला बघत होते. भंतेंनी चारी कोपऱ्यांवर धोंडे ठेवले. मागची बाजू कोरी, पांढरीशुभ्र. उन्हात त्या पांढऱ्याकडे बघवेना.

“आत जाऊन आडवी हो.”

“जमिनीवर?”

“खाट कुठून आणू?”

ती आत गेली आणि आडवी झाली. खालचा दगड ओबडधोबड, पाठीला टोचणारा. बाहेर कागदांची सळसळ ऐकू येत होती. एकेक सळसळ म्हणजे तिचं एकेक चित्र तोंडघशी पडत होतं. तिला रडू आलं, पण ती उठली नाही.

“काय दिसतं?” बाहेरून आवाज आला.

“काही नाही.”

“बरं.”

पुन्हा सळसळ. दुसरं नळकांडं उघडल्याचा आवाज.

“आता?”

“काळोख जरा… पातळ झालाय.”

“बरं.”

तिसरं नळकांडं. भंतेंनी कागद कुठे उचलून धरले असतील, कुठे खाली धोंडा सारून तिरके केले असतील, ते तिला दिसत नव्हतं. दिसत होतं ते एवढंच, की कागदांवरून उसळून दारातून उजेड आत येत होता. बिनधारेचा, मऊ उजेड. दुधावर साय धरावी तसा तो वर छतावर धरत चालला होता.

“आता?”

छताला वासे होते. दगडाचे वासे. एका भिंतीतून निघून, कमान घेऊन, पलीकडच्या भिंतीवर उतरलेले, एकामागे एक, अगदी आतल्या टोकापर्यंत. प्रत्येकाची कड नीट तासलेली. दोन वाशांच्या मधली जागा तळहातानं पुसून घ्यावी इतकी गुळगुळीत. टॉर्चमध्ये जो नुसता दगड दिसला होता तो हाच, हे तिला खरं वाटेना. एवढं मोठं काहीतरी इतका वेळ डोक्यावर होतं आणि आपण खाली उभं राहून “दगड” म्हणून मोकळे झालो, याची तिला शरम वाटली. पण ती शरमही फार वेळ टिकली नाही. बघायलाच इतकं होतं.

“शलाका?”

“दिसतंय,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

भंते दाराशी येऊन बसले.

“ते वासे काय तोलून धरतात?”

ती आर्किटेक्ट होती. तिनं मनातल्या मनात भार उतरवून बघितला. “काही नाही. डोंगर आपला आपणच उभा आहे.”

“मग कोरले कशाला?”

तिची नजर एका वाशावरून भिंतीपर्यंत उतरली.

“त्यांची घरं लाकडाची असणार,” ती हळूच म्हणाली. “छप्पर म्हटलं की त्यांना वासेच दिसत असणार. दगडात शिरले, तरी…”

तिनं बोटानं हवेतच एका वाशाची कमान गिरवली.

“त्यांनी पण असाच उजेड आत आणला असेल, भंते?”

“मला काय ठाऊक. मी नव्हतो तेव्हा.”

ती हसली. कोपऱ्यात तिची नजर गेली, तर शेवटचा वासा अर्धाच होता. मधेच सुटलेला. त्याच्या पुढे छिन्नीचे नुसते घाव, आणि मग कोराच्या कोरा डोंगर. पाठीखालची जमीन टोचत का होती, ते आता तिच्या लक्षात आलं. लेणं वरून खाली कोरत येतात. या लोकांचं छत जवळजवळ झालं होतं, जमीन करायची राहिली होती. कधी निघून गेले, का गेले, कोण जाणे. पण जेवढं झालं होतं त्यात कुठे घाई नव्हती.

ती उठून दाराशी आली. भंतेंनी एक पालथा कागद उचलून तिच्यापुढे सरकवला. पिशवीत पेन्सिल होती. ती उंबऱ्याला टेकून बसली आणि मान वर करून काढू लागली.

किती वेळ गेला ते तिनं पाहिलं नाही. पहिला वासा वाकडा आला. दुसरा बरा आला. हात आखडला होता, वर्षभर तो दुसऱ्यांच्या हातासारखा चालला होता. हळूहळू सुटला. हे कुणाला आवडेल, हा प्रश्न एकदा मनात डोकावला, पण तेवढ्यात सातव्या वाशाची वळणं जमेनात आणि ती त्यातच गुंतली.

मधेच तिनं बाहेर बघितलं, आणि पेन्सिल थांबली.

ऊन सरकत होतं. आणि भंते, तिचे गायकवाड सर, अंगणात गुडघ्यांवर रांगत एकेक कागद उन्हामागे सरकवत होते. धोंडा उचलायचा, कागद ओढायचा, पुन्हा धोंडा ठेवायचा. चीवर मातीनं भरलं होतं. छतावरचा उजेड इतका वेळ हलला कसा नाही, हे तिला आत्ता कळलं. तिचे डोळे भरून आले. तिनं पुसले आणि पुन्हा वर बघितलं, कारण थांबली असती तर त्यांची मेहनत वाया गेली असती.

शेवटी तिनं अर्धा वासा काढला. अर्धाच. मग छिन्नीचे घाव. पुढे कागद कोरा ठेवला.

भंते आले. चित्र हातात घेऊन लांब धरून बघत राहिले.

“पहिला वाकडा आहे.”

“हो.”

“पुसलास का नाही?”

“तिथूनच सुरुवात झाली ना.”

“हे यांतल्या कुणाला पाठवणार?”

तिनं अंगणाकडे बघितलं. कागद सगळे पालथे. लाकडाचे कुठले, वळशांचे कुठले, वस्तीचे कुठले, काही कळायला मार्ग नव्हता. हातातलं चित्र कशाच्या पाठीवर काढलं होतं तेही तिला ठाऊक नव्हतं. उलटून बघावंसंही वाटलं नाही.

“चौघांनाही. हेच पहिलं पान. मागे माझी जुनी चित्रं, गेल्या वर्षीची.”

“गेल्या वर्षी नको म्हणाले होते ना?”

“हो.”

“या वर्षी घेतील?”

“माहीत नाही, भंते,” ती म्हणाली. आणि हे म्हणताना तिला भीती वाटली, खरीखुरी, पण वर्षभर वाटत होती तसली नव्हे.

भंतेंनी चित्र तिच्या हातात दिलं. काठी भिंतीला टेकवली.

“तू थांब इथे. कागदांकडे बघ. मी जरा आत पडतो.”

“तुम्ही?”

“एकट्याला जमत नाही हे. आत पडलो तर बाहेर कोण सरकवणार? फार दिवस झाले सगळं छत बघून.”

ते कण्हत कण्हत खाली बसले आणि त्या खडबडीत दगडावर उताणे झाले. हात छातीवर.

शलाका अंगणात उतरली. एक धोंडा उचलला, कागद ओढला, धोंडा ठेवला. मग दुसरा. ऊन ओसरीच्या कडेला कलायला लागलं होतं. खाली रस्त्यावर एस. टी.चा हॉर्न वाजला आणि तिला एकदम मुदत आठवली. रात्र. अर्ज. पहिलं वाक्य.

राहवेना म्हणून ती कागदांमधून वाट काढत दारापाशी गेली आणि उजेडात पाठमोरी उभी राहून आत वाकली.

“भंते… पत्राचं काय?”

“पहिलं वाक्य झालं लिहून,” भंते काळोखातून म्हणाले. “आता जरा बाजूला हो. सावली पडतेय तुझी.”