कोल्ह्याची फुकट टोपली

आईशप्पथ, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. म्हणजे आई कुणाची ते मी सांगितलेलं नाही, आणि टक्के थोडे कमीजास्त होतील.

गोष्ट जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हा कोल्हे दुकान चालवायचे.

त्या रानात एक रिवाज होता. खायची वस्तू हातातून पुढे द्यायची तर आधी मूठभर चाखायची. न चाखता देणारा उद्धट समजला जायचा.

तिथे एक खार राहायची. तिची तीन पिल्लं, आणि पावसाळ्यासाठी साठवलेली भुईमुगाच्या शेंगांची एक टोपली. ती गेली की पावसाळाभर उपास.

जत्रेत मुंगूस आणि कोल्हा या दोघांनी आपापला चक्राचा खेळ मांडला होता. मुंगूस म्हणाला, टोपली लाव, वर मूठभर शेंगा फुकट, दोन डाव खेळ आणि घरी ने. कोल्हा म्हणाला, टोपली लाव, वर अख्खी टोपली फुकट. फक्त घरी नेण्याआधी चाळीस डाव खेळायचे. दोन्हीकडे, जिंका नाहीतर हरा, दर डावाला दुकानदार मूठभर चाखणार. रिवाजच तो.

खार टोपली घेऊन कोल्ह्याकडे पळत निघाली. शेजारच्या कासवआजोबांनी तिला वाटेत अडवलं. त्यासाठी ते सकाळीच निघाले होते.

"पोरी, आधी माझी बोरं खेळव," आजोबा म्हणाले.

त्यांनी चाळीस माकडं ओळीनं बसवली आणि दोन टोपल्या बोरं हातोहात पुढे द्यायला लावली. प्रत्येकानं मूठभरच चाखली. शेवटच्या माकडापर्यंत बोर उरलं नाही. रिवाज मोडू नये म्हणून त्यानं टोपलीच चावून पाहिली.

मग एक टोपली आणि वर एक मूठ, दोनच माकडांतून. टोपली परत आली, एक मूठ कमी.

"आणि माकडच नसेल तर?" खारीनं विचारलं.

आजोबांनी तिचीच भरलेली टोपली तिच्यापुढे सरकवली.

"म्हणजे मुंगूस माझी मूठ खाणार, कोल्हा सगळंच," खार म्हणाली, आणि टोपली घेऊन घरी गेली.

माकडांनी मात्र 'फुकट' एवढंच ऐकलं होतं. ती चावलेली रिकामी टोपली घेऊन चाळीसही जण कोल्ह्याकडे गेले. टोपली भरलेली हवी, असं कोल्हा कधी बोललाच नव्हता. त्यानं तोंड पाडून फुकटची टोपली पुढे केली. ती हातोहात चक्राकडे निघाली, आणि चक्र फिरायच्या आत संपली.

"रिवाज," माकडं म्हणाली. दुसऱ्या डावासाठी त्यांनी तीच रिकामी टोपली पुन्हा लावली.

पावसाळ्यात उपाशी कोल्हा खारीच्या दारात आला.

"या काका, शेंगा फुकट आहेत," खार म्हणाली. "फक्त आधी झाडाला चाळीस फेऱ्या मारा."

कोल्हा धावला. पिल्लं खिदळत फेऱ्या मोजत होती आणि मुद्दाम चुकत होती. शेवटी खारीनं त्याला पोटभर वाढलं, न चाखता. उद्धट तर उद्धट.

तात्पर्य: फुकट किती मिळतंय ते नंतर बघा, घरी पोचेपर्यंत त्यातलं किती उरणार ते आधी मोजा.

बरं, ही गोष्टही फुकटच होती. फक्त उठायच्या आधी ती चाळीस वेळा ऐकायची. नाहीतर खिशातले शेंगदाणे काढा.