कॅमेऱ्याच्या डोळ्यातलं धुकं

मोबाइलला अजून डोळा फुटायचा होता, तेव्हाची ही गोष्ट. शुभदाबाईंच्या फोटो स्टुडिओत ऐन दसऱ्याला नवा डिजिटल कॅमेरा आला. बाईंनी त्याची पूजा केली, भिंगावर हळदीकुंकवाचं बोट टेकवलं आणि घाईघाईने पदराने पुसलं.

त्या दिवसापासून कॅमेऱ्याला सगळं धुरकट दिसू लागलं. त्याला मोठं नवल वाटलं.

"बाहेर धुकं आहे का गं?" त्याने खिडकीला विचारलं.

"छे रे, लख्ख ऊन पडलंय."

"मग तू हललास?" त्याने स्टँडला विचारलं.

"माझे तिन्ही पाय जागच्या जागी आहेत," स्टँड फुरंगटून म्हणाला.

"मग माणसंच अशी पुसट असतील!"

फोटो पाहून गिऱ्हाइकं नाकं मुरडू लागली. "उद्या हा परत करते," म्हणत बाईंनी कॅमेरा आरशासमोर ठेवला.

"आरशा, तूही पुसटच का रे?"

"माझ्याकडे नको, माझ्यात बघ," आरसा म्हणाला.

कॅमेऱ्याने पाहिलं. समोर एक डोळा होता आणि त्यावर पिवळा-तांबडा फराटा. बाईंनाही तो आरशातच दिसला. "अगंबाई!" म्हणत त्यांनी मऊ फडकं घेतलं.

पुढच्या दसऱ्याला हळदीकुंकू कॅमेऱ्याच्या पट्ट्याला लागलं. भिंगाला बाईंनी लांबूनच नमस्कार केला.