झाकलेली खोड

एका बाजारगावात सुबराव नावाचा एक दुकानदार होता. त्याचे वडील बैलबाजारात दलाल होते. त्या बाजाराची रीत अशी, की आधी जनावराची खोड सांगायची आणि मग किंमत बोलायची. बैल मारका असेल किंवा औताला जुंपल्यावर बसत असेल, तर ते विकणाऱ्याने आपल्या तोंडाने सांगायचे. पुढे वडील वारले, बैलबाजारही मोडला. सुबराव मोबाईल आणि खेळाची यंत्रे विकू लागला, पण वडिलांची रीत त्याने सोडली नाही. काही विकायचे झाले की तो आधी म्हणे, "याचा आवाज बारीक आहे बरं का," किंवा "पडलं तर काच टिकायची नाही." त्यामुळे त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असे लोक मानत.

एकदा हातात धरून खेळायचे एक नवे यंत्र बाजारात आले. सुबरावाने ते आधी स्वतः खेळून पाहिले. चित्रे इतकी सुरेख, की पळत्या घोड्याची आयाळ उडताना दिसे. यंत्राच्या दोन्ही बाजूंच्या मुठी सुट्या होत. एक आपण धरायची, एक दुसऱ्याला द्यायची आणि दोघांनी मिळून खेळायचे. पण खोडीही होत्या. उन्हात त्याची काच काळी दिसे. बॅटरी दोन तासांत संपे. इंटरनेट नसले, तर बरेचसे खेळ उघडतच नसत.

सुबराव हे सगळे सांगे. गिऱ्हाईक मान हलवी आणि समोरच्या दुकानदाराच्या गोड बोलण्याला भुलून तेच यंत्र त्याच्याकडून घेऊन जाई. समोरचा दुकानदार हसत ओरडे, "सुबराव, तू दुकान उघडतोस ते लोकांना परत पाठवायला का रे?" सुबरावाला ते फार लागे.

उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर म्हाळाप्पा नावाचा मेंढपाळ दुकानात आला. तो मेंढ्या घेऊन रानोमाळ फिरे. खतासाठी आज या शेतात मेंढ्या बसवायच्या, चार दिवसांनी त्या शेतात. त्याची आई नसलेली मुलगी काजल शिकण्यासाठी मामाकडे राहत होती. बापलेकीची भेट वर्षातून एकदा, सुट्टीत. पण आता तिला रानात करमत नसे.

"पोरगी म्हणती, तिथं येऊन मी काय करू?" म्हाळाप्पा म्हणाला. "दोघांनी खेळायचं यंत्र निघालंय म्हणं. ते घेतलं तर ती येईल. आम्ही दोघं खेळू."

सुबरावाने यंत्र दाखवले. म्हाळाप्पाने एक मूठ हातात धरली आणि लहान मुलासारखा हसला. मग त्याने जुन्या रीतीने विचारले, "खोड काय याची?"

सुबरावाच्या ओठांवर सगळे आले होते. रानात ऊनच ऊन, वीज नाही, इंटरनेट नाही. हे यंत्र याच्या काही कामाचे नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होते. तेवढ्यात समोरचा दुकानदार पायरीवर येऊन उभा राहिला. या गिऱ्हाइकालाही हा हाताने घालवणार, अशा नजरेने तो पाहत होता.

"नव्या वस्तूला कसली खोड, काका?" सुबराव म्हणाला.

म्हाळाप्पा यंत्र छातीशी धरून गेला.

शाळा सुरू होण्याच्या सुमारास मेंढ्या परतीच्या वाटेला लागल्या. म्हाळाप्पा पुन्हा दुकानात आला. आता हा भांडणार, असे सुबरावाला वाटले. पण म्हाळाप्पाने यंत्र हळूच पुढे ठेवले आणि खालच्या आवाजात म्हणाला, "सुबराव, मला नीट शिकीव. माझ्या हातात हे चालत न्हाई."

"काजल आली होती का?"

"आली की. हौसेनं आली. पहिल्या दिवशी शेतमालकाच्या घरात बसून दोघं खेळलो. मी दोनदा पडलो खेळात, तर किती हसली! मग रानात गेलो आन् काच काळी झाली. सांजेला जरा दिसायला लागलं, तर बंद पडलं. पोरगी म्हणाली, आबा, दुकानदारानं तुम्हाला फसवलं." म्हाळाप्पाने यंत्राची काच बाहीने पुसली. "मी हात उगारला तिच्यावर. म्हटलं, त्याच्या बापानं कधी खोड लपवली न्हाई, तो लपवील व्हय? आपणच अडाणी. ती त्याच दिवशी मामाकडं निघून गेली."

सुबरावाला वाटले, यापेक्षा याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

"काका, तुम्ही अडाणी नाही," तो कसाबसा म्हणाला. "यंत्रातच खोड आहे. मला ठाऊक होती. पोर खरं बोलत होती."

म्हाळाप्पाने यंत्र त्याच्याकडे सरकवले. सुबरावाने पैसे परत केले, ते त्याने न मोजता कनवटीला लावले. मग म्हणाला, "माझ्यासंगं चल. हे तिला तुझ्या तोंडानं सांग."

दुकान बंद करून सुबराव त्याच्याबरोबर काजलच्या मामाच्या गावी गेला. काजल दप्तर पाठीला लावून दारात उभी होती. सुबरावाने खाली मान घालून सगळे सांगितले. म्हाळाप्पाने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात तिने दूर केला नाही.

"आबा, आता राग नाही," ती म्हणाली. "पण माझी सुट्टी संपली."

शाळेची घंटा वाजली तशी ती निघाली. आणि म्हाळाप्पा मेंढ्यांकडे परत वळला, पुन्हा वर्षभरासाठी.

तात्पर्य: ज्याच्या शब्दावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात, त्याने खोड झाकू नये; त्याच्या एका खोट्यामुळे फसलेला माणूस स्वतःला आणि आपल्या माणसांनाच दोष देतो, आणि चूक कबूल केली तरी गेलेले दिवस परत येत नाहीत.