झेलिहाच्या उशाशी कोण रडलं

ऐका मायबोलीबाई, तुमची कहाणी.

आटपाट गाव होतं, काळ्या समुद्राच्या काठी, चहाच्या मळ्यांत. तिथं लाझ लोक राहत. पूर्वी तिथं घंटा वाजे, मग बांग होऊ लागली. देव बदलला, पण बायकांनी एक वसा टाकला नाही. घरात कोणी गेलं की घरच्या बाईनं उशाशी बसावं, गेलेल्याचं नाव घ्यावं, आपल्या लाझ बोलीत रडावं. नाव घेतल्यावाचून जीव उंबरा ओलांडत नाही, असं त्या म्हणत.

तिथं झेलिहा नावाची बाई होती. तिला तीन लेकी. थोरली शाळेत लाझ बोलली, मास्तरानं छडी मारली. मधली बोलली, तिलाही मारली. धाकटी बोलली, तीही तळहात सुजवून घरी आली. झेलिहाला राग आला. मास्तराचा यायचा, तो बोलीचा आला. म्हणाली, "ह्या घरात आता शाळेतली तुर्कीच बोलायची. आपली बोली बोलेल ती उपाशी निजेल." लेकी शहाण्या, मुकाट्यानं विसरल्या. मग शिकल्या, शहरात गेल्या, मोठ्या घरी पडल्या. गाव म्हणालं, बाईनं नशीब काढलं.

मग झेलिहाचा नवरा इद्रिस समुद्रात बुडाला, मागाहून देह काठाला लागला. झेलिहा त्याच्या उशाशी बसून रडली, सगळं गाव रडवलं. लेकींना अक्षर कळलं नाही. धाकटीनं आवाज तेवढा फोनमध्ये भरून घेतला.

मग झेलिहा अंथरुणाला खिळली. शेजारीण नूरिये मक्याची पेज भरवी. झेलिहाला एकच घोर लागला. लेकी आल्या तशी थोरलीला म्हणाली, मला आपल्या बोलीत रडशील ना? ती म्हणाली, येत नाही. मधलीला विचारलं, तिलाही येत नाही. धाकटी म्हणाली, "आई, तूच उपाशी ठेवलंस ना?" झेलिहानं भिंतीकडे तोंड केलं.

मग ती गेली. नूरिये म्हणाली, मी रडते. लेकी म्हणाल्या, परकं कशाला, आईचाच आवाज आहे. फोन उशाशी ठेवला. झेलिहा मेलेली, नि झेलिहाच रडू लागली. "इद्रिसा, होडी घरी आली, तू नाही आलास. इद्रिसा, दाढीतलं मीठ कोण पुसेल रे?" लेकी डोळे टिपत होत्या. म्हाताऱ्यांना सगळं कळत होतं, त्यांनी डोईचे रुमाल तोंडाशी धरले.

धाकटीनं नूरियेला हळूच विचारलं, आई काय म्हणतेय?

नूरिये म्हणाली, "तुझ्या बापाला रडतेय."

धाकटीचा हात फोनकडे गेला. पण बंद करावा, तर घर मुकं होतं. तिनं तो चालूच ठेवला.

झेलिहाचं नाव कोणी घेतलं नाही. ती अजून उंबऱ्याशी उभी आहे म्हणतात.

तिला घडलं ते तुम्हां आम्हां न घडो. उशाशी कोणी बसो, त्याला आपलं नाव घेता येवो. ही साठां उत्तरांची कहाणी पांचा उत्तरी संपूर्ण. सुफळ मात्र आज म्हणवत नाही.